हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की खोपकरांना रिक्षात घालून
मी रावपुऱ्यातल्या बँकेत नेतो.
वीज मंडळाचं पेन्शन. वर्षातून एकदा
आपण जिवंत आहोत हे तिथे सांगावं लागतं.

वाटेत सूरसागरापाशी ते रिक्षा थांबवतात.
उतरत नाहीत. नुसतं पाणी बघतात.
इथे एका सिनेमात, पोरीच्या लग्नापायी,
त्यांनी सावकाराच्या पायावर पगडी ठेवली होती.
पगडी मी आणलेली. भाड्याची,
कुणाकुणाच्या घामाने आतून कडक झालेली.
पावणेदोन मिनिटं. मग हीरो आला.

हीरो नेहमी मगच येई.
खोपकर त्याच्या आधी जाऊन जागा झाडून ठेवत:
मुनीम, हवालदार, वधूपिता,
नाहीतर मरणारा थोरला भाऊ.
दांडिया बाजारातल्या हौशी मराठी नाटकात
ते गुजराती शेटजी व्हायचे,
हालोलच्या गुजराती सिनेमात मराठी फौजदार.
दोन्हीकडे टाळी पडे ती चुकलेल्या उच्चाराला.
घरी कोणती भाषा बोलता, कुणीतरी विचारलं,
तर म्हणाले, घरी बायको बोलते.

मी त्यांचा मिशीवाला. ते मला पेंटर म्हणतात.
वहीत नोंद आहे, तीनशे अकरा मिशा.
स्पिरिट गमने वरचा ओठ इतका सोलला होता
की स्वतःची मिशी त्यांनी ठेवलीच नाही.
ठेवू कुणाची, म्हणायचे,
त्यातली एकही माझी नव्हती.

आणि मेले ते सव्वीस वेळा.
विषाने दोनदा, धरणात एकदा,
तलवारीने किती ते वहीत ओलं होऊन पुसलंय,
खोकल्याने सगळ्यात जास्त.
डोळे मिटून मरायचं नाही, हा त्यांचा हट्ट.
मिटतो तो झोपतो, म्हणायचे.
हालोलच्या उन्हात एकदा पापणीवर माशी बसली,
कॅमेरा चालू होता,
त्यांनी ती बसू दिली.
चहावाला पोरगा रडायला लागला.
कट म्हटल्यावर उठून त्याच्याकडेच अर्धा कप मागितला,
लवकर दे रे, रजा अर्ध्या दिवसाचीच आहे.

सुमनवहिनी गेल्या तेव्हा
खासवाडीच्या स्मशानात सगळे त्यांच्याकडे बघत होते,
आता काहीतरी करतील म्हणून.
ते चपला शोधत राहिले.
रात्री मला म्हणाले, पेंटर,
आज काहीच जमलं नाही बघ.

यंदा बँकेत अंगठा लागेना.
पुसला, फुंकला, केसांना चोळला,
यंत्राला रेषा सापडत नव्हत्या.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, काका, चेहरो चालशे,
आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.
आंख पटपटावो.

खोपकर बघत राहिले.
लेन्स दिसली आणि पापणी थांबली,
चाळीस वर्षांची सवय.
लाल गोल. फरीथी. पुन्हा लाल.
मागे रांग चुळबुळायला लागली,
कुणीतरी म्हणालं, लंच होईल आता.
ते मान न वळवता, ओठ न हलवता,
विंगेत विचारावं तसं मला म्हणाले,
पेंटर, सीन कुठला?

मी म्हणालो, यात तुम्ही मरत नाही.

तेव्हा त्यांनी खांदे आधी सोडले.
मग श्वास. मग हनुवटी, केसभर वर.
आणि पापण्या अशा खाली आल्या,
अशा वर गेल्या,
की धरणातून, खोकल्यातून, त्या माशीखालून
एक माणूस सावकाश उठून बसतोय
आणि हे गाव कोणतं असं विचारतोय.
पोरीचा हात खाली आला.
बस, बस काका, थई गयुं.

रिक्षा न्यायमंदिरापर्यंत गेली तरी ते गप्प होते.
खंडेराव मार्केटच्या अलीकडे
माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले,
जरा जास्त झालं का रे?

थोडं, मी म्हणालो.

हं, म्हणाले. पुढच्या वर्षी कमी करू.