लांब, आखूड, लांब

ऑगस्ट. सगळं गाव वर कुरणांत गेलंय,
घोड्या दुभत्या आहेत,
आणि आम्ही सातजणी
कोचकोरच्या बंद पडलेल्या तारघरात
नाताळ शिवतोय.

नमदा मे महिन्यातच करून ठेवला होता.
लोकर पिंजून, बोरूच्या चटईत गुंडाळून,
वर उकळतं पाणी, मग तासभर लाथा.
लाथांत बुबुसारा पटाईत,
दर लाथेला नवऱ्याचं नाव घेते.
आता तो लाल, पांढरा, हिरवा, थप्प्या लावून पडलाय
आणि लोकरीच्या तेलाने कात्री
जिभेसारखी मऊ चालते.

मागणी डेन्मार्कहून आहे.
सहाशे चाळीस देवदूत, उंची सात सेंटिमीटर,
दोन डोळ्यांत अंतर अकरा मिलिमीटर,
कडेला काजटाका, एकसारखा.
नमुन्याचा एक पिशवीतून आला, त्याला आम्ही साहेब म्हणतो.
साहेब खिळ्याला लटकून
दिवसभर आमच्या हातांकडे बघतो.

गुलायिमचा धाकटा विचारतो, हे कोण?
पंख असलेली माणसं.
उडतात?
नाही रे, दोऱ्याने टांगतात.
त्याने जरा विचार केला.
म्हणजे कोंबड्या.

मी पूर्वीही इथेच बसायची, ह्याच खिडकीशी.
एकोणीस वर्षं ह्या बोटाने तारा ठोकल्या.
मुलगा झाला. घोडा विकला.
आई गेली घाट बंद आहे थांबू नका.
शब्दाला पैसे पडायचे,
लोक दोन शब्दांत अख्खा हिवाळा कोंबायचे.
मग एके दिवशी यंत्र उचलून नेलं.
टेबलाला स्क्रूंची चार भोकं राहिली,
त्यांत आम्ही टाचण्या ठेवतो.

बोट मात्र विसरत नाही.
परवा एका झग्याच्या कडेने जाता जाता
टाका आपोआप लांब पडला, मग आखूड, मग लांब.
थांबले. उसवणारच होते.
मग एक आखूड.
मग आखूड, लांब, आखूड, आखूड.

केल.
आमच्यात त्याचा अर्थ, ये.

कोणाला, ते विचारू नका.
तेमिरबेक मॉस्कोच्या एका गोदामात खोकी उचलतो.
फोन त्याच्याकडे आहे, माझ्याकडेही आहे,
फोनवर आम्ही थंडी किती आहे ते बोलतो.

त्या दिवशी चौदा शिवले, चौदांच्या कडेला तेच.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक,
मी नुसत्या गाठी मारत गेले.
संध्याकाळी जामीरा पट्टी घेऊन आली,
डोळ्यांत तेल घालून बघणारी पोरगी.
एजे, टाके वेडेवाकडे पडलेत तुमचे,
हात कापतो का?
हो म्हणाले. सोपं होतं.
तेरा नापास.
एक तिच्या नजरेतून सुटला, की तिने सोडला,
गेला खोक्यात.

डिसेंबरात तो कुठल्या तरी झाडावर असेल,
कोणा अनोळखी बाईच्या दिवाणखान्यात,
दिव्याच्या उबेला.
येणाऱ्याजाणाऱ्याला ये म्हणत.
लोक येतीलही. जेवणाला माणसं येतातच.

तेरा मी पिठाच्या डब्यात ठेवले होते.
मार्चात, नोरूझच्या सकाळी,
फाटकाजवळच्या जर्दाळूला बांधले.
शेजारीण म्हणाली, हा कुणाचा सण?
मी म्हटलं, उरलेला.
आर्चाचा धूर घरभर फिरवला, त्यांच्यावरूनही फिरवला,
पांढरे झगे जरा करपट झाले, शोभले.

चार पोरांनी बाहुल्यांसाठी नेले.
एकाची लोकर नीळकंठी शेपटीच्या त्या चोरट्या पाखराने
घरट्यासाठी उपसली.
आठ उरलेत.
सगळ्यांची तोंडं मी रस्त्याकडे करून बांधली होती,
पण वारा ऐकतो होय?
कोणी रस्त्याकडे बघतो, कोणी भिंतीकडे,
दोघं गोठ्याकडे.

संध्याकाळी गाय आली,
रोजच्या वेळेला.