निर्लेखन

साखरी नाट्याच्या मच्छीमार सोसायटीत
ऑडिटरनं एक ओळ लिहून ठेवलीय:
संगणक, जुना, नग एक. निकामी. निर्लेखित करावा.
प्रपत्रात रंगासाठी रकाना नाही.

म्हणून आधी फडकं घेतलं.
डिझेलचा थर, बर्फाच्या कारखान्याची काजळी,
खाऱ्या वाऱ्याची पांढुरकी बुरशी पुसत गेले
तसा वर आला
ओल्या काजूगराचा रंग.
सगळीकडे नाही. खिडकीकडची बाजू
एकोणीस वर्षांच्या उन्हानं पिकलेली,
पेटीच्या जुन्या पट्ट्यांसारखी पिवळी;
आणि जिथे बर्फाच्या पावत्यांचा गठ्ठा टेकलेला असायचा
तिथे एक चौकोन अजून कोवळा.

कुशीला कल्ले.
खरंच, कल्लेच. आठ तिरक्या फटी,
प्रत्येक आधीच्या फटीपेक्षा केसभर आखूड,
बांगड्याला धाप लागावी तशा उघड्या.
हवा जायला नुसती भोकं पुरली असती.
कुणीतरी बसून ठरवलं असणार ते केसभर.

पुढे छोटंसं कुलूप, खऱ्या किल्लीचं.
किल्ली आडिवरेकर चेअरमनच्या करगोट्याला.
ते गेले, तीही त्यांच्याबरोबर गेली बहुधा.
लाल बटण अंगठ्याएवढं.
दाबलं की खट्ट,
आणि त्या खट्टवर माझा विश्वास असे.

कळफलक पुळणीसारखा उतरता,
प्रत्येक कळीला बोटाच्या मापाचा खळगा.
वर मीच चिकटवलेली मराठी अक्षरं.
ञ कोरा करकरीत, कुणी शिवलाच नाही.
ळ पार पुसलाय.
जाळी, गळ, कोळंबी, माकूळ,
आणि दर मार्चअखेर:
ताळेबंद जुळत नाही.

रजब होडेकर खिडकीची चौकट ठोकायला आला होता.
होड्या बांधणारा माणूस. रंधा खाली ठेवला,
डोळे मिटून कडेवरून तळवा नेला
पुढून मागे, नव्या नाळेवरून नेतो तसा.
"हेमलताबाय, ज्यानं हा कोपरा वळवलान ना,
त्याला पाणी कळत होतं."
म्हटलं, हा कधी पाण्यात गेला नाही.
"म्हणून काय झालं," म्हणाला,
आणि परत ठोकायला लागला.

काच मेलेली. पण फुगीर, ताज्या माशाच्या डोळ्यासारखी,
तिच्यात आख्खं बंदर वाकून बसलेलं:
जेटी, पालथ्या टोपल्या, भांडणारे दोन तांडेल,
कडेला मी, लांबट, फडकं हातात.
शेजारच्या नव्या सपाट पडद्यात
ट्यूबलाइट दिसते. तीही एकटी.

मला रात्री आठवतात.
हिशेब लांबला की काळोख्या खोलीत
हिरवे आकडे उमटायचे.
अवसेला खाडीत वल्हं मारलं की
पाणी पेटतं, त्यातलं हिरवं.
बंद केल्यावरही एक ठिपका मधोमध रेंगाळायचा.
तो विझेपर्यंत मी चप्पल घालत नसे.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

भंगारवाला सोमवारी येईल. वजनावर घेतो.
अकरा किलो भरेल, रजबनं उचलूनच सांगितलं,
आणि ठेवताना दोन्ही हातांनी ठेवला.

'स्थिती' पुढे निकामी लिहिलं.
सही केली, शिक्का मारला.
शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली होती.
लिहिलं:
कोपरे शाबूत.