दोन फिरती, दोन सरळ

करवत आली तेव्हा सहा माणसं लागली होती.
बेटावरची मच्छीमार संस्था बंद पडली,
होड्या बांधायच्या शेडचा लिलाव झाला,
कुणी दोर नेले, कुणी रंगाचे डबे,
काल्योने ही नेली: बिडाची, माणसाहून उंच,
दोनशे चाळीस किलो
आणि सगळं वजन डोक्यात.
गॅरेजात जिथे टेकली तिथे ठाण मांडून बसली.
सत्तावीस वर्षं.

गाडी बाहेर, बर्फात.
रोज सकाळी काच खरवडणारी मी.

"चाकं लाव ना तिला," मी म्हणायचे.
"लावू," म्हणायचा, आणि वही काढायचा.

त्या वहीत एकोणीस स्टँड आहेत. मी मोजलेत.
तीन चाकांचा: खड्ड्यातही डुगडुगत नाही,
पण वळताना कलंडतो,
आणि ही कलंडली तर खाली कोण असेल
ते आपलं आपण समजावं.
चार चाकांचा: त्याला जमीन सपाट लागते,
आमची मोरीकडे उतरती.
तालिनच्या दुकानातला, तयार,
कोपरे सरकवून हव्या त्या मापाचा होणारा:
त्याच्यापुढे लाल पेन्सिलीने एकच शब्द, पत्रा.
काल्योच्या तोंडी याहून वाईट शिवी नाही.

जानेवारीत त्याचा उजवा हात गेला.
म्हणजे आहे, पण ऐकत नाही.
अँब्युलन्ससकट बोटीने पलीकडे नेला,
बर्फ फोडत.
चौथ्या दिवशी तोंडून शब्द फुटला.
मी वाकले, मुलगा वाकला,
त्रीनू नावाची कोवळी नर्स तीही वाकली.
"चाकं," तो म्हणाला.

आम्हाला वाटलं, भ्रम.
तो शेजारच्या पलंगाखाली बघत होता.
त्रीनू, मुठीएवढी पोर,
आडदांड म्हातारा पलंगासकट कमरेनं ढकलत नेई,
आणि भिंतीशी पायानं एक पट्टी दाबली
की चारही चाकं गप्प.
डॉक्टर विचारत होते, बोटं हलतात का.
हा विचारत होता,
जीभ जड, शब्द अर्धे,
एका चाकावर किती किलो.

विसावा स्टँड डाव्या हाताने काढलाय.
रेघा थरथरतात, मापं नाही.
बैठक करवतीहून वीतभर रुंद, चारी बाजूंनी.
जमिनीपासून तीन बोटं, जास्त नाही:
उंच उचललं की जड वस्तूला मस्ती येते.
दोन चाकं फिरती, दोन सरळ.
रबर कडक; मऊ रबर एका जागी उभं राहिलं
की चपटं होतं,
माणसासारखं, असं त्याने लिहिलेलं नाही,
मी वाचलं.

अँगल राइवोने जोडले.
काल्यो उंबऱ्याशी खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी,
वेल्डिंगची ठिणगी विझली की मान हलवायचा.
एक सांधा त्याने तीनदा तोडायला लावला.
राइवो मनात काय म्हणाला
ते त्याच्या कानांवर दिसत होतं.

मग पहार, जॅक, प्लायचे तुकडे,
एक कोपरा उचल, तुकडा सरकव,
दुसरा कोपरा, अजून एक तुकडा,
"अजून. अजून. बास."
दुपार गेली.
चहा कुणी प्यायला नाही.

संध्याकाळी ती चाकांवर उभी होती.
राइवो पुढे झाला. काल्योने बोट केलं माझ्याकडे.
अठ्ठावन्न किलोंची बाई मी,
खांदा लावला आणि डोळे मिटले.
काहीच झालं नाही.
मग बिडाच्या पोटात कुठेतरी "हं" झालं
आणि सत्तावीस वर्षांनी तिला पाय फुटले.
खाली जमीन नव्यासारखी, चौकोनी, पांढरी.
तिथे गाडीचं डावं चाक येणार होतं.
मी मनात केव्हाच लावून ठेवलं होतं.

"इकडे," तो म्हणाला.
खुर्ची उंबऱ्याच्या आत जात नाही, मोरीकडे घसरते.
तर ती त्याच्याकडे आली,
दारात, उजेडात,
गाडीची वाट अडवून.

आता तो डाव्या हाताने ज्यूनिपर कापतो,
लोण्याचे चमचे, वाकडे,
वासाला सगळी गल्ली.
काच मी अजून खरवडते.
निघताना मात्र आधी आत जाते
आणि ती पट्टी पायाने दाबून बघते.
एकदा त्याच्यासमोर.
एकदा तो बघत नसताना.