करंडा

आवारातली बकूळ पाडली, दोन गाड्यांची सोय झाली.
एक ओंडका मी मागून घेतला.
न्या, पण जिन्यात भुसा नको, कुलसंगे म्हणाले.

वागळे इस्टेटला भाच्याच्या गाळ्यात लेथवर चढवला
तेव्हा दिसला तडा, पार गाभ्यापर्यंत.
फुलांचा वास लाकडाला नसतो
हेही तिथंच कळलं.

माळ्यावर बोर्नव्हिटाच्या डब्यात पितळेचा कीस होता,
कंपनीच्या शेवटच्या पाळीतला.
बावीस वर्षं कुणी उघडला नव्हता.
रेझिन दोनास एक कालवलं, कीस सोडला,
तड्यात ओतलं.
बुडबुड्यांवरून ज्योत फिरवली तसे फुटत गेले,
एक सोडून.
तो आहे अजून, झाकणाच्या कडेशी.

तिसऱ्या दिवशी पटाशी लावली:
पितळ बारीक किणकिणलं, बकूळ गप्प.

जन्मभर मायक्रोमीटर वाचला,
केसाएवढं चुकलं तरी माल परत.
इथं तो खिशातून काढलाच नाही.
अंगठ्यानं दाबायचं, सुताहून कमी खरवडायचं, पुन्हा दाबायचं.
चौथ्या खेपेला आतली हवा
सुस्कारा टाकून बाहेर गेली
आणि झाकण बसलं.

करंडा कशाला, मी तर टिकली लावते, हेमलता म्हणाली.
पण रात्री कानातलं मशीन काढून
तिनं त्यातच ठेवलं.

जुलैत लाकूड फुगेल, मी म्हणालो,
सकाळी उघडलं नाही तर हाक मार.

हो हो, ती म्हणाली,
गॅस बंद केलाय.