निवाऱ्याचं अंदाजपत्रक

तळोद्याच्या कचेरीतून मी नकाशा नेला होता
प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून:
बारा फूट बाय अठरा, पत्रा, सिमेंटचे खांब,
दोन खिडक्या, उत्तरेचा बाण.
मोलगीच्या वर जीप संपते. तिथून पुढे
नळी खांद्यावर, अडीच तास.
एका पोराला वाटलं, बंदूक आहे.

जामसिंग पावऱ्याने नकाशा उलटा धरला.
मी सुलटा करून दिला, त्याने परत उलटा केला.
डोंगर या अंगाला आहे साहेब, म्हणाला,
वारा तुमच्या बाणाला विचारून येत नाही.
मग तो जमिनीवर आडवा झाला,
डोकं चढाकडे, पाय दरीकडे.
जेरमीने टाचेपाशी काठी रोवली.
तो कुशीवर वळला, दुसरी काठी.
आणखी चौघांची जागा सोडली, मधे चुलीची.
टेप माझ्या खिशातच राहिली.

कोण झोपणार इथे? त्याने विचारलं.
फाईलमध्ये होतं: लाभार्थी.
मी म्हणालो, आशाताई, बाजाराहून उशिरा निघालेले,
आणि झोळीतून दवाखान्यात नेताना
वाटेत रात्र झाली तर ती बाई.
जेरमी तोवर गप्प होती.
मग दार रुंद करा, म्हणाली,
झोळीचा बांबू लांब असतो. मला माहीत आहे.

बांबू अंधाऱ्या पाखात तोडायचा.
चांदण्यातल्या बांबूत गोडी उतरते,
भुंगा ती हुंगत येतो.
म्हणून थांबलो अकरा दिवस.
मग ओढ्यात, दगडांखाली दाबून, वीस दिवस.
पाण्याला आंबूस वास, म्हशी तोंड फिरवून परत.
दरसूचीत मी शोधलं: खोदाई, भराव, वाहतूक.
थांबण्याला दर नाही.
शिसपेन्सिलने लिहिलं:
थांबणे, एकतीस दिवस, शून्य रुपये.

खांब वादळात पडलेल्या अंजनाचे.
करवतीचे दात दोनदा गेले.
कुडाला लाल माती, शेण, भगरीचा भुसा,
तुडवायला सात बायका आणि एक मी.
खिळे नेले होते पाच किलो, तसेच परत आणले.
जामसिंग पळसाच्या मुळांचा दोर वळत बसलेला.
खिळा लाकडाला धरून ठेवतो, म्हणाला,
दोर त्याला हलू देतो.

आमचं शिंदखेड्याचं घर धाब्याचं होतं,
वर हातभर खारी माती.
ती उपसून बापाने स्लॅब टाकला
तेव्हा गल्लीभर पेढे मीच वाटले.
आता चैत्र लागला की सगळे ओट्यावर झोपतो.
आई अजून म्हणते,
भलतं तपस रे हाई घर.

तक्त्यात एक रकाना आहे: आयुर्मान, वर्षे.
तीस लिहायचं असतं.
जामसिंगने बोटं मोडली:
गवत तीन पावसाळे, भिंत दर दिवाळीला सारवायची,
खांब, माझा नातू म्हातारा होईपर्यंत.
आणि दुरुस्ती कोण करणार?
त्याला प्रश्नच कळला नाही.
जो झोपेल तो.
सकाळी जाताना एक पेंढी गवत ठेवून जाईल.
मी रकाना रिकामा सोडला.

काम पूर्ण झालं. समोरच्या धारेवरून फोटो काढला,
फाईलला टाचला, वर पाठवला.
पौषात फाईल परत आली. शेरा:
छायाचित्रात इमारत दिसून येत नाही.

खरंच दिसत नव्हती.
गवताचा रंग गवताचा, मातीचा मातीचा.
भिंग घेऊन बराच वेळ बसलो,
मग लाल पेनाने अंदाजे एक गोल काढला.
गोलात घर नव्हतं.
थोडा धूर होता.