खाडाखोड

टार्टूत नोव्हेंबर म्हणजे साडेतीनलाच दिवेलागण.
रसायनशाळेतली काचभांडी मी धुते, एकोणीस वर्षं झाली;
कुणाचं कसं चाललंय, मला ब्युरेटवरून कळतं.
केर्टूची ब्युरेट तीन आठवडे कोरडीच होती.

हीउमा बेटावरची पोर. बाप बोटीचं इंजिन बघतो.
पहिल्या वर्षी प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर.
मग वसतिगृहाच्या पडद्याआड कधीतरी
सकाळ आणि ती, दोघी उठेनाशा झाल्या.

प्राध्यापक एवाल्ड फारसे बोलणारे नव्हेत.
त्यांनी एवढंच लिहून धाडलं:
"गुरुवारी चार नंबरचं टेबल रिकामं आहे.
गुण नाहीत. एप्रन आण."

आली. केस न विंचरलेले, एप्रनची बटणं वरखाली.
थेंब. थेंब. थेंब.
गुलाबी छटा येते-न येते
तिथंच हात आवरायचा असतो.
तिचा आवरला नाही. शंकुपात्रभर भडक गुलाबी.
तिनं वहीचं पान धरलं, फाडायलाच.

"या वहीत खोडरबर चालत नाही," एवाल्ड म्हणाले,
"आणि पान फाडणं तर नाहीच नाही.
चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मार.
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
शेजारी तारीख घाल, सही कर, पुढच्या ओळीवर ये."

तिनं रेघ मारली. पट्टी न घेता, जरा वाकडीच.
मी नळ बंद केला होता, उगाच.

बरी झाली असं मी सांगणार नाही; मला काय कळतं त्यातलं.
मंगळवारी ती समुपदेशकाकडे जाते.
ती खोली मीच दाखवली: जिन्याखाली, कॉफीच्या यंत्राला लागून.
एक पेपर राहिलाय, तो ऑगस्टात.
झोप लागते का, विचारलं तर म्हणाली, "कधी कधी."
मग भांडी पुसू लागता लागता, माझ्याकडे न बघता,
"ते तीन आठवडे... रेघ मारलीये. खालचं वाचता येतं."

काल तिची ब्युरेट धुवायला घेतली.
टोकाशी एक थेंब अडकलेला,
पडावं की नाही, न ठरलेला.
मी थांबले.
घरी माझ्याही एका वहीची पानं फाडलेली आहेत,
शिवणीपाशी कागदाचे नुसते दाते उरलेत.
काय होतं त्यांवर, आता मलाच वाचता येत नाही.

मग नळ सोडला.