पाण्याची पाळी

होटगी रोडला इरण्णा मिस्त्रीच्या पत्र्याखाली
दोघी शेजारी:
मिलच्या डॉक्टरची मॉरिस मायनर, छप्पनची,
आणि कुणी जर्मन फिटर विकून गेला ती बीटल.

बीटलला पाणी लागतच नाही.
इंजिन मागं, वाऱ्यावर गार होतं;
पुढचं बोनेट उघडलं तर स्टेपनी
आणि थोडा अंधार.
"ही शहाणी हाय बघा," इरण्णा म्हणतो,
"काय मागत न्हाई."

मॉरिस आसऱ्यापर्यंतच उकळते,
शिट्टी मारते, रस्त्यात बसते.

नळ पाचव्या दिवशी.
घरी महादेवी घागरी मोजून ठेवते.
आज एक कमी भरेल.

फडक्यानं झाकण दाबून
तो थांबतो, वाफ जाऊ देतो,
मग ओततो, बारीक धारेनं,
तान्ह्याला पाजावं तसं.

बीटल बघत असते,
गोल डोळ्यांनी, कोरडी.